जोडीचा खेळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनी आपल्यापैकी कोणी तरी एका नामवंत स्त्रीविषयी चार शब्द बोलते. आजवर जिजामाता झाल्या, अहिल्यादेवी झाल्या, सावित्रीबाई तर तीनदा झाल्या. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे मोठमोठ्या ग्रंथांतले मला सांगता येणार नाही. म्हणून मी जरा निराळा विषय घेतला आहे. माझी धाकटी मुलगी शाळेत बॅडमिंटन खेळते. तिने वर्तमानपत्रांतून व मोबाईलवरून वाचून दाखवले, मी ऐकले, जे समजले नाही ते पुनःपुन्हा विचारले, आणि वहीत टिपून घेतले. त्या टिपणांवरून आज मी ज्वाला गुट्टा या खेळाडूविषयी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, नाव तर तेलुगू दिसते, आपला काय संबंध? संबंध आहे. ज्वालाचा जन्म आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याला झाला. तारीख ७ सप्टेंबर १९८३. तिची आई येलान मूळची चीन देशाची. गांधीजींच्या विचारांच्या ओढीने आपल्या आजोबांबरोबर ती भारतात आली आणि सेवाग्रामशी त्या घराचा संबंध जुळला. वडील क्रांती गुट्टा हे तेलुगू. मुलगी लहानाची मोठी झाली ती हैदराबादेत. आता हैदराबाद आपल्याला परके कसे म्हणावे? १९४८ पर्यंत माजलगावसह आपला सारा मराठवाडा निजामाच्या त्याच हैदराबाद संस्थानात होता. आपल्या आजोबा-पणजोबांचे कोर्टकज्जे तिकडेच चालत.

आता खेळाविषयी थोडे सांगते, कारण बऱ्याचजणींनी तो अंगणात मुलांना खेळतानाच पाहिला असेल. हा खेळ आज जी नियमांची घडी घालून जगभर खेळला जातो, तिची सुरुवात आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत झाली. १८७० च्या सुमारास तेथील इंग्रज अधिकारी तो खेळत, आणि त्या काळी त्यास ‘पूना’ असेच म्हणत. मध्ये पाच फूट उंचीची जाळी बांधतात. चेंडूऐवजी सोळा पिसे खोचलेले फूल असते, त्याला मुले शटल म्हणतात. फूल आपल्या बाजूच्या जमिनीवर पडू द्यायचे नाही, समोरच्या बाजूस पाडायचे. प्रथम एकवीस गुण करील त्याचा डाव, आणि तीनांपैकी दोन डाव जिंकील त्याचा सामना.

एकेक खेळाडू समोरासमोर उभा राहिला म्हणजे एकेरी. दोघी विरुद्ध दोघी खेळल्या म्हणजे दुहेरी. दुहेरीचे मैदान ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. एवढ्या जागेत दोघींनी पळायचे, आणि तेही एकमेकींना न धडकता. फूल मधोमध आले तर कोणी मारायचे? एक पुढे जाळीजवळ गेली तर दुसरीने मागची बाजू सांभाळायची. विचारायला सवड नसते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फूल अंगावर येते.

मला हे ऐकताना जात्याची आठवण झाली. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी जात्यावर दळले आहे, त्यांना हे लगेच उमगेल. समोरासमोर दोघी बसल्या आणि एकच खुंटा धरला, की एकीने ओढायचे आणि दुसरीने सोडायचे. एकीचा हात जड झाला की दुसरीला तत्काळ कळते. नव्या सुनेबरोबर पहिल्या दिवशी जाते नीट चालत नाही. हात जुळायला दिवस लागतात. दुहेरीचे तसेच आहे.

ज्वाला लहानपणी आधी टेनिसकडे वळली होती. मग ती बॅडमिंटनकडे आली आणि हैदराबादेत एस. एम. आरिफ या नामांकित गुरूंच्या हाताखाली शिकली. ती डावखुरी. उंच, दणकट, आणि जाळीजवळ तिची नजर फार तीक्ष्ण. श्रुती कुरियन या जोडीदारणीबरोबर तिने महिला दुहेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद सलग सात वर्षे मिळवले. सात वर्षे एकीबरोबर एकच खुंटा धरणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे. मिश्र दुहेरीत, म्हणजे एक पुरुष व एक स्त्री अशा जोडीत, ती व्ही. दिजू याच्याबरोबर खेळली, आणि २००९ साली जगातील निवडक जोड्यांच्या अखेरच्या स्पर्धेत ती दोघे अंतिम सामन्यापर्यंत गेली.

तरी देखील भगिनींनो, आपल्या देशात दुहेरीच्या खेळाडूला एकेरीइतका मान कधी मिळाला नाही. प्रकाश पदुकोण, सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू ही नावे आपल्या तोंडी आहेत, आणि ती असावीतच. पण दुहेरी खेळणारीची नावे विचारली तर आपण गप्प बसतो. ही काही आजची गोष्ट नाही. क्रिकेटचे महर्षी प्राध्यापक दि. ब. देवधर सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन मुलींनी १९४० नंतरच्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या, हे किती जणींना ठाऊक आहे? नऊवारी-पाचवारीच्या त्या काळात पुण्याच्या मुली देशात पहिल्या येत होत्या. पुढे १९७८ साली कॅनडातील एडमंटन येथे राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईची अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग या जोडीने महिला दुहेरीत कांस्यपदक मिळवले. तेही आपण विसरलो.

२०१० च्या सुमारास ज्वालाला नवी जोडीदारीण लाभली. अश्विनी पोनप्पा हे तिचे नाव. घराणे कर्नाटकातील कोडगूचे. वयाने ज्वालापेक्षा सहा वर्षांनी लहान, उजवखुरी, आणि मागून तडाखा असा मारणार की समोरचीने फूल पाहावे तोवर ते जमिनीवर पडलेले असावे. एक डावी, एक उजवी. एक जाळीपाशी, एक मागे. एक बोलकी आणि फटकळ, एक शांत. माझी मुलगी म्हणाली, “आई, ह्या अगदी तुझ्यासारख्या आणि धाकट्या काकूसारख्या आहेत.” यात फटकळ कोण, ते माझ्या जाऊबाई येथे बसल्या आहेत म्हणून मी सांगत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीस राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात सिंगापूरच्या जोडीला हरवून या दोघींनी सुवर्णपदक घेतले. महिला दुहेरीत भारताला त्या स्पर्धेत मिळालेले हे पहिलेच सुवर्ण. पुढल्या वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, लंडनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे उपांत्य फेरीत त्या चीनच्या जोडीकडून हरल्या, पण कांस्यपदक घेऊन आल्या. जागतिक स्पर्धेत याआधी भारताला बॅडमिंटनचे एकच पदक मिळाले होते, ते १९८३ साली प्रकाश पदुकोण यांना. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी दुसरे पदक आले, ते दोन स्त्रियांनी आणले, आणि दुहेरीत आणले. सायना-सिंधूची जागतिक पदके त्यानंतरची. २०११ सालीच ज्वालाला अर्जुन पुरस्कार मिळाला.

२०१२ साली लंडनला ऑलिंपिक भरले. एकाच ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या दोन प्रकारांत खेळणारी ज्वाला ही पहिली भारतीय. महिला दुहेरीत चार-चार जोड्यांचे गट होते आणि प्रत्येक गटातून दोनच जोड्या पुढे जाणार होत्या. पहिल्या सामन्यात आपल्या मुली जपानच्या फुजी आणि काकिइवा यांच्याकडून हरल्या. मग त्यांनी तैवानच्या जोडीला हरवले, सिंगापूरच्या जोडीलाही हरवले. पण तैवानने जपानला हरवल्यामुळे तिघींच्या जोड्यांचे विजय सारखे झाले. मग एकेक गुण मोजण्याची वेळ आली, आणि आपली जोडी एका गुणाने बाहेर पडली. भारताने त्या शेवटच्या सामन्याविषयी तक्रार केली, ती मान्य झाली नाही. हीच जपानची जोडी पुढे अंतिम फेरीत गेली आणि तिने रौप्यपदक घेतले. जपानला बॅडमिंटनमध्ये मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक.

मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मी तिला विचारले, “तो एक गुण कोणी घालवला, ज्वालाने का अश्विनीने?” ती हसली आणि म्हणाली, “आई, दुहेरीत तसे लिहीतच नाहीत. गुण जोडीचा असतो.” हे उत्तर माझ्या मनात फार दिवस राहिले.

आता एक कडू गोष्ट सांगते. २०१३ साली आपल्या देशात इंडियन बॅडमिंटन लीग ही नवी स्पर्धा सुरू झाली. तीत लिलावाने खेळाडू घेत. प्रत्येकीची एक मूळ किंमत ठरलेली होती. पण त्या स्पर्धेतून महिला दुहेरी हा प्रकारच वगळला, आणि ज्वाला व अश्विनी यांची मूळ किंमत निम्म्यावर आणली. दोन वर्षांपूर्वी जागतिक पदक आणणाऱ्या मुली, पण जोडीच्या खेळाडू म्हणून निम्मी किंमत! ज्वाला गप्प बसली नाही, तिने उघडपणे बोलून दाखवले. पुढे वाद वाढला, तिच्यावर बंदी घालण्याची शिफारस झाली, तेव्हा ती दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली, आणि तेथून तिला खेळण्याची मुभा मिळाली. तिचे बोलणे पुष्कळांना खटकते. मला स्वतःला तिच्या प्रत्येक बोलण्याविषयी काही म्हणायचे नाही. पण आपल्या कामाचे मोल कमी केले तर विचारावे, एवढे मला पटते.

दुहेरीचे मोल काय, ते २०१४ च्या मे महिन्यात सर्वांना दिसले. दिल्लीस उबेर चषकाची स्पर्धा होती. ही महिलांची सांघिक स्पर्धा. एका लढतीत तीन एकेरी आणि दोन दुहेरी असे पाच सामने असतात. उपांत्य फेरीत भारताची गाठ जपानशी पडली. सायना जिंकली, सिंधू जिंकली. मग ज्वाला-अश्विनी तीन डाव झुंजून हरल्या, आणि तिसरी एकेरीही गेली. दोन-दोन अशी बरोबरी झाली. शेवटच्या दुहेरीत आपण सायना आणि सिंधू यांना एकत्र उतरवले. दोघी देशातल्या सर्वांत मोठ्या एकेरीच्या खेळाडू. तरी जपानच्या मुरलेल्या जोडीपुढे त्यांचा निभाव लागला नाही. यात त्यांचा दोष नाही. दोन पहिलवान एकत्र बसवले म्हणून जाते चांगले चालते असे नाही, हातच जुळलेले असावे लागतात. तरीही भारताला त्या स्पर्धेत प्रथमच कांस्यपदक मिळाले.

त्या दिवशी ज्वाला-अश्विनीला हरवणारी जोडी ताकाहाशी आणि मात्सुतोमो या मुलींची. शाळेत असल्यापासून त्या एकमेकींबरोबर खेळत. २०१६ साली ब्राझीलमधील रिओच्या ऑलिंपिकमध्ये ज्वाला-अश्विनीचा पहिलाच सामना पुन्हा याच दोघींशी पडला आणि आपल्या मुली हरल्या. पुढे अंतिम सामन्यात ही जपानी जोडी डेन्मार्कविरुद्ध तिसऱ्या डावात १६-१९ अशी मागे होती. डेन्मार्कला दोनच गुण हवे होते. तेथून या दोघींनी सलग पाच गुण घेतले आणि सुवर्णपदक जिंकले. बॅडमिंटनमधील जपानचे ते पहिले सुवर्ण. जपानने आपल्या जोड्या शाळेपासून वाढवल्या, त्याचे फळ त्यांना मिळाले. २०१२ ला पहिले पदक दुहेरीचे, २०१६ ला पहिले सुवर्णही दुहेरीचे.

रिओनंतर ज्वाला हळूहळू स्पर्धांतून बाजूस झाली. हैदराबादजवळ तिने खेळ शिकवण्याची संस्था काढली आहे. २०२५ मध्ये तिला मुलगी झाली, तेव्हा स्वतःचे जास्तीचे दूध तिने दूधपेढीला दिले, अशक्त आणि आईविना असलेल्या बाळांसाठी. अश्विनी मात्र पुढेही खेळत राहिली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती गोव्याच्या घराण्यातील तनिषा क्रास्टो हिच्याबरोबर उतरली. आज आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रचा सात्त्विकसाईराज यांनी पुरुष दुहेरीत नाव काढले आहे, २०२३ साली चीनमध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. दुहेरीकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलत चालली आहे, आणि ती वाट आधी या दोघींनी तुडवली आहे.

भगिनींनो, आता मी आपल्या बीड जिल्ह्याकडे येते. जोडी हा शब्द आपल्याइतका कोणाला ठाऊक असेल? दसरा-दिवाळी झाली की आपल्या गावोगावची माणसे ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिकडे कारखाना तिकडे. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. फडात नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. पहाटे तीनला उठून भाकरीही तीच थापते. पण उचल कोणाच्या नावावर? हिशेब कोणाच्या नावाचा? वहीत एकच नाव असते, आणि ते तिचे नसते.

माझी माय असे पुष्कळ हंगाम फडात होती. मी सातवीनंतर शाळा सोडली ती धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी, कारण आई-वडील सहा-सहा महिने बाहेर असत. मायने किती टन उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहिल्या याची कोठेही नोंद नाही. मुकादमाच्या वहीत तिचे नाव एकदाही आले नाही. ती अर्धा कोयता होती, एवढेच.

म्हणून ज्वालाचा खेळ मला आवडला. तिच्या खेळात फलकावर दोघींची नावे लिहितात. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा. जपानचीही दोघींची, चीनचीही दोघींची. तडाखा अश्विनीने मारला असो, फूल उचलून दिले ज्वालाने असो, पदक दोन असतात, एक अर्धे करून देत नाहीत. चौथऱ्यावर दोघी उभ्या राहतात.

आता आपल्या मंडळाचे बोलते, आणि हे कोणावर दोष ठेवून बोलत नाही. आपल्याकडे शेवया, पापड, कुरडयांच्या मागण्या येतात. आपण दोघी-दोघींना काम वाटून देतो, कारण एकटीने कुरडई होत नाही. एकीने चीक हटवावा, दुसरीने सोऱ्या दाबावा. पण आपल्या मालाच्या वहीत ओळीला एकच नाव लिहिण्याची पद्धत पडली आहे. जिच्या घरी चूल पेटली तिचे नाव, पुढे ‘व एक’. पैसे दोघी वाटून घेतात, त्यात कधी खोट आली नाही, हे मी अभिमानाने सांगते. परंतु गेल्या साली आपल्यातील एका बहिणीला शिलाई यंत्रासाठी कर्ज हवे होते. तुम्ही काय काम करता, त्याचा लेखी दाखला आणा, असे तिला सांगण्यात आले. चार वर्षे ती काम करते आहे, पण वही उघडली तर सगळीकडे ‘व एक’. तिला हात हलवीत परत यावे लागले. तिने कोणाला बोल लावला नाही. ती नुसती म्हणाली, “मी ‘व एक’ आहे.”

भगिनींनो, फडातली वही आपल्या हातात नाही. मुकादमाला शहाणपण शिकवणे आज आपल्याला जमेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण मंडळाची वही आपल्या हातात आहे. माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे, की या वर्धापनदिनापासून प्रत्येक कामापुढे दोघींची पूर्ण नावे लिहावीत, दोघींच्या सह्या घ्याव्यात, जिला सही येत नाही तिचा अंगठा घ्यावा, आणि मागल्या चार वर्षांच्या ओळींत जेथे ‘व एक’ आहे तेथे आठवून आठवून नावे भरावीत. आठवणारी माणसे आज येथेच बसली आहेत. त्या बहिणीचे नाव भरून झाले की तिला मंडळाच्या शिक्क्यानिशी दाखला द्यावा. याला शाईशिवाय खर्च नाही.

दुसरी विनंती लहान आहे. मंडळाच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवून एक जाळी बांधावी, आणि संध्याकाळचा एक तास मुलींसाठी राखावा. ऑलिंपिकला जातील न जातील, पण पाठीमागे आपली जोडीदारीण उभी आहे, या भरवशाने पुढे पाऊल कसे टाकावे हे तरी शिकतील. आणि भगिनींनो, लाजू नका, मुली घरी गेल्यावर अर्धा तास आपणही खेळू. जाऊबाईंना मी विचारून ठेवले आहे.